ग्लासभर पोलंड

व्होडका म्हणजे रशिया, असं वाटत असेल तर वॉर्सातल्या एका जुन्या, लाल विटांच्या कारखान्यात चक्कर माराच. एका देशाचा सहाशे वर्षांचा इतिहास तिथे बाटलीत भरून ठेवलाय. आणि तो सगळाच काही नशीला नाही!

'व्होडका तर रशियाची ना?' हा प्रश्न वॉर्सात कुणालाही विचारू नका. अगदी गमतीतसुद्धा नको. कोल्हापूरकराला 'तांबडा-पांढरा मूळचा पुण्याचा ना?' असं विचारल्यावर जे होईल तेच इथे होतं. समोरचा आधी गप्प होतो, मग दीर्घ श्वास घेतो आणि पुढची वीस मिनिटं तुम्हाला इतिहास ऐकावा लागतो.

मी ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे वॉर्सात होते. सोमवार ते शुक्रवार क्लायंट, कॉल्स आणि कॅफेटेरियातलं बिटाचं सूप. हाताशी होता एकच मोकळा शनिवार. आता परदेशात मोकळा शनिवार मिळाला की आपण काय करतो? राजवाडा बघतो, जुना चौक बघतो, फोटो काढतो, मॅग्नेट घेतो. मी तेच करणार होते. पण टीममधल्या पोलिश कलीगने हेच विधान माझ्या तोंडून ऐकलं, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, ''राजवाडा राहू दे. तू आधी वुत्काचं म्युझियम बघ.''

वुत्का. पोलिश उच्चार हा असा. आपण म्हणतो ते 'व्होडका' रशियन वळणाचं. म्हणजे भांडण इथूनच सुरू!

नदीपलीकडचं प्रागा

विस्वा नदी वॉर्साचे दोन भाग करते. डावीकडचं शहर म्हणजे राजवाडे, मॉल्स, काचेचे टॉवर्स. ते देखणं आहे, पण बरंचसं नवं बांधलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात, विशेषतः १९४४च्या उठावानंतर, जर्मनांनी नदीच्या डाव्या काठावरचं जवळजवळ ८५ टक्के शहर जमीनदोस्त केलं. उजव्या काठावरचा प्रागा हा भाग मात्र त्या मानाने वाचला. त्यामुळे जुनं, खरंखुरं, पापुद्रे सुटलेलं वॉर्सा बघायचं असेल तर पूल ओलांडून इकडे यायचं. रोमान पोलान्स्कीने 'द पियानिस्ट'चं काही शूटिंग इथल्याच गल्ल्यांमध्ये केलं होतं.

मेट्रोच्या द्वोझेत्स विलेन्स्की स्टेशनवर उतरलात की दहाएक मिनिटांत पायी पोचता. वाटेत गोळ्यांच्या खुणा अंगावर बाळगणाऱ्या भिंती, चौकात मेरीमातेची छोटी देव्हारी आणि त्यांच्यापुढे ताजी फुलं. एकेकाळी संध्याकाळनंतर इथे यायला लोक कचरायचे. लालबाग-परळच्या गिरण्यांचं जे झालं तेच आता इथे चाललंय, म्हणजे चाळी तशाच आणि मधूनच एखादा चकाचक कॉम्प्लेक्स.

तसाच एक कॉम्प्लेक्स म्हणजे कोनेसेर. लाल विटांची, किल्ल्यासारखी दिसणारी ही फॅक्टरी उभी राहिली १८९७मध्ये. तेव्हा वॉर्सा रशियन साम्राज्यात होतं. शंभरेक वर्षं इथे व्होडका तयार झाली, पण २००० नंतरच्या दशकात उत्पादन थांबलं. आता आवारात फ्लॅट्स, ऑफिसं, हॉटेल, कॅफे आहेत. आणि २०१८पासून हे म्युझियम.

इथे आपलं आपण फिरायचं नाही, गाइडबरोबर फिरायचं. आमचा गाइड तिशीतला, दाढीवाला आणि भन्नाट इंग्रजी बोलणारा. ग्रुपमध्ये दोन आयरिश जोडपी, एक जपानी आजोबा आणि मी.

थोडंसं पाणी

पहिला धडा शब्दाचा. पोलिशमध्ये 'वोदा' म्हणजे पाणी. 'वुत्का' हे त्याचंच लाडकं रूप, म्हणजे 'पाणुलं' म्हणा ना! हा शब्द १४०५मधल्या सांदोमिएश गावच्या कोर्टाच्या कागदपत्रांत सापडतो. पोलिश माणूस हे साल शिवजयंतीच्या तारखेइतकं पाठ म्हणतो. अर्थात तिथे त्याचा अर्थ दारू असाच होता का, यावर अभ्यासकांची भांडणं आहेतच.

गंमत म्हणजे सुरुवातीला 'वुत्का' हा शब्द वापरायचे तो औषधी अर्कासाठी आणि अंगाला लावायच्या द्रव्यांसाठी. प्यायच्या दारूचं नाव वेगळं होतं, 'गोझाव्का'. ते 'जळणं' या क्रियापदावरून आलेलं. म्हणजे घशाला जे होतं तेच नाव. १५३४मध्ये स्तेफान फालिमिश नावाच्या गृहस्थाने वनौषधींवर पुस्तक लिहिलं, त्यातही हे अर्क आहेत. आपल्याकडे आसवं आणि अरिष्टं वैद्याच्या कपाटात असतात, तसंच. औषध म्हणून घरात शिरलेली ही बाई पुढे घराची मालकीण झाली.

राई नव्हे, राय!

आता थोडं सायन्स. घाबरू नका, सोपं आहे.

धान्य शिजवायचं, त्यातल्या स्टार्चची साखर करायची, यीस्ट टाकून आंबवायचं आणि मग ते उकळून वाफ पकडायची. अल्कोहोल पाण्याआधी, म्हणजे साधारण ७८ अंशांना उकळतं. त्यामुळे वाफेत त्याचं प्रमाण जास्त. हे तर मोहाची काढणाऱ्यांनाही ठाऊक आहे. पण पहिल्या धारेत आणि शेवटच्या धारेत नको ती द्रव्यं येतात. उग्र वास, डोकेदुखी आणि काही वेळा खरंखुरं विष. एकोणिसाव्या शतकात उंच कॉलमवाली यंत्रं आली. त्यांत वाफ एकेक मजला वर चढते, प्रत्येक मजल्यावर थोडी थोडी शुद्ध होते आणि शेवटी हातात येतो ९६ टक्क्यांच्या आसपासचा स्पिरिट. याला म्हणतात रेक्टिफिकेशन. मग त्यात पाणी घालून तो खाली आणायचा, बहुतेकदा ४० टक्क्यांवर. युरोपियन युनियनच्या नियमानुसार ३७.५च्या खाली गेलात तर तिला व्होडका म्हणता येत नाही.

कच्चा माल कुठला? मुख्य म्हणजे राय. आपली फोडणीची राई नव्हे हं! गव्हाच्या भावकीतलं, थंडी आणि रेताड जमीन सोसणारं हे धान्य. आणि दुसरा हिरो बटाटा. धान्यात साधारण ६० टक्के स्टार्च असतो, बटाट्यात जेमतेम १५ ते २०. म्हणजे तेवढ्याच दारूला बटाटे कितीतरी जास्त लागतात. तरीही एकोणिसाव्या शतकात बटाटा स्वस्त झाला आणि व्होडका गोरगरिबांच्या आवाक्यात आली. फार आवाक्यात आली.

२०१३पासून 'पोलिश व्होडका' या नावाला कायद्याचं कुंपण आहे. पोलंडमध्ये पिकलेली राय, गहू, बार्ली, ओट्स, ट्रिटिकाले किंवा बटाटा यांपासूनच ती व्हायला हवी आणि सगळी प्रक्रियाही पोलंडमध्येच. गोव्याच्या काजू फेणीला २००९मध्ये जीआय मिळाला, तसंच हे. त्याआधी युरोपियन युनियनमध्ये चक्क 'व्होडका वॉर' झालं होतं. द्राक्षांपासून, उसापासून केलेल्या स्पिरिटला व्होडका म्हणायचं की नाही, यावर पोलंड, फिनलंड, स्वीडन एका बाजूला आणि बाकी बरेच दुसऱ्या बाजूला. शेवटी तडजोड झाली : म्हणा, पण कशापासून केली ते लेबलवर लिहा.

देश गेला, ग्लास राहिला

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग गाइड म्हणाला, ''आता थोडा कडू भाग.''

पोलंडमध्ये जमीनदारांचा एक हक्क होता, 'प्रोपिनात्सिया'. म्हणजे आपल्या जहागिरीत दारू गाळायचा आणि विकायचा हक्क फक्त जमीनदाराला. कुळांनी दुसरीकडून घ्यायची नाही, घेतली तर शिक्षा. अनेक ठिकाणी तर अमुक इतकी दारू विकत घेतलीच पाहिजे, अशी सक्ती. विचार करा, माणूस मालकाच्या शेतात राबतो, त्याला चार पैसे मिळतात, ते मालकाच्याच गुत्त्यात जातात आणि त्या गुत्त्यातली दारू मालकाच्याच शेतातल्या रायची! बिझनेस स्कूलमध्ये याला 'क्लोज्ड लूप' म्हणतील.

हे ऐकताना मला फार लांबचं वाटलं नाही. मुंबई इलाख्यात ब्रिटिशांनीही दारू गाळण्याचे मक्ते देऊन तिजोरी भरलीच होती. १८९२मध्ये तर ठाणे आणि कुलाबा भागासाठी मोहफुलांवर कायदा झाला. आदिवासींच्या दारातलं झाड, पण त्याच्या फुलांचा हिशेब सरकारकडे.

पुढे १७७२ ते १७९५ या काळात रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तीन टप्प्यांत पोलंड वाटून घेतला. १२३ वर्षं, थेट १९१८पर्यंत, नकाशावर पोलंड नव्हता! भाषा राहिली, चर्च राहिलं आणि गाळपही राहिलं. फक्त कर गोळा करणारा बदलला. आम्ही उभे होतो तो कारखानाही परक्या सम्राटाच्या राज्यातलाच.

आणि हो, विरोधही तेव्हापासूनच आहे. १८४४मध्ये सायलेशियात फादर फित्सेक यांनी दारू सोडण्याच्या शपथा द्यायला सुरुवात केली आणि लोकांनी प्रचंड संख्येने त्या घेतल्या. रशियन अंमलाखालच्या भागात तर अशा संयम मंडळांवर सरकारनेच बंदी आणली. कारण सरळ आहे. लोक शुद्धीवर राहिले तर कर बुडतो आणि वर एकत्रही येतात.

दुपारी एकची रांग

स्वातंत्र्यानंतर पोलंडने स्वतःची सरकारी मक्तेदारी सुरू केली. 'विबोरोवा' हा ब्रँड १९२७मध्ये आंतरराष्ट्रीय ट्रेडमार्क म्हणून नोंदवला गेला. नावाचा अर्थ 'निवडक'. पाठोपाठ बटाट्याची 'लुक्सुसोवा' आली. नावातच लक्झरी! आणि 'झुब्रुव्का'त तर बिआवोव्हिएजा जंगलातल्या सुगंधी गवताची एक काडीच असते. तिथले रानगवे, म्हणजे बायसन, हे गवत खातात म्हणे. अमेरिकेने १९७८मध्ये तिला दार बंद केलं होतं, कारण त्या गवतातलं कुमारिन हे द्रव्य तिथल्या अन्नविषयक नियमांत बसत नव्हतं.

मग आला कम्युनिस्ट काळ आणि सगळे कारखाने सरकारजमा झाले. १९८१च्या डिसेंबरमध्ये मार्शल लॉ लागला. त्या काळात रेशनकार्डांवर मांस, साखर आणि दारूही असायची. माणशी महिन्याला अर्धा लिटर व्होडका! न पिणारे लोकसुद्धा आपला कोटा सोडायचे नाहीत. नळ दुरुस्त करायचाय? टायर हवाय? सरकारी फाइल पुढे सरकवायचीय? नोटेपेक्षा बाटली चालायची. १९८२च्या कायद्याने दुपारी एकच्या आधी दारू विकायला मनाई केली. त्यामुळे एक वाजायच्या आत दुकानापुढे रांग. गाइड म्हणाला, ''आमच्या देशात सगळ्यांची घड्याळं तेव्हा एकदम बरोबर होती.'' सगळे हसले.

पण मला लक्षात राहिलं ते दुसरंच. ऑगस्ट १९८०मध्ये ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यात संप झाला. 'सॉलिडॅरिटी'चा जन्म तिथला. त्या संपात कामगारांनी स्वतःवर घातलेली एक बंदी होती, आवारात दारू नाही. ज्या सत्तेला तुम्ही झिंगलेले हवे असता तिच्याशी लढायचं तर आधी ग्लास खाली ठेवावा लागतो, हे त्यांना कळलं होतं. एका राष्ट्राच्या राष्ट्रीय पेयाच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना. आणि त्यात कुणी काहीच प्यायलेलं नाही!

तीन ग्लास

शेवटचा टप्पा अर्थातच टेस्टिंग. समोर तीन छोटे, देठाचे ग्लास. पोलिश नाव 'क्येलिशेक'. एक रायची, एक गव्हाची, एक बटाट्याची. गाइडने आधीच सांगितलं, फ्रीझरमधून काढलेली व्होडका मस्त लागते कारण गारठ्यात तिचे दोष लपतात. चव कळायला हवी तर ती जरा उबदारच हवी. मध्ये मध्ये खायला खारवलेली काकडी. घरोघरी याच्याबरोबर मुरवलेला हेरिंग मासाही असतो. नुसती पिणं इथे असभ्य समजतात. चकण्याचं महत्त्व जगभर सारखंच आहे, बॉस!

'ना झ्द्रोव्ये!' म्हणजे 'तब्येतीच्या नावाने!' रायची जरा तिखट, मिऱ्यासारखी. गव्हाची हलकी. बटाट्याची जाड, जवळजवळ सायीसारखी. व्होडकाला चव नसते हा आपला समज कोल्ड्रिंकमध्ये मिसळून पिण्यामुळे झालेला आहे.

गाइडने विचारलं, ''इंडियात कुठून?'' महाराष्ट्र म्हटल्यावर तो थांबला. ''कोल्हापूर?'' मी उडालेच! वॉर्सातल्या माणसाला कोल्हापूर माहीत? माहीत असणारच. सोव्हिएत रशियाने सायबेरियात हाकललेले सुमारे ५००० पोलिश निर्वासित, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळीवड्याच्या कॅम्पमध्ये राहिले होते. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे. ''तुमच्याकडे आमची मुलं जगली,'' तो म्हणाला आणि माझा ग्लास पुन्हा थोडा भरला.

मी सांगितलं, मी कोल्हापूरची नाही, वर्ध्याची. आणि वर्ध्यात दारूबंदी आहे. गांधीजींचा जिल्हा, १९७०च्या दशकापासून बंदी. दारूबंदीच्या जिल्ह्यात वाढलेली मुलगी व्होडकाच्या म्युझियममध्ये! आयरिश मंडळींना हे फारच विनोदी वाटलं. ''मग तिथे कुणीच पीत नाही?'' त्यांनी विचारलं.

उभी बाटली, आडवी बाटली

माझे काका प्यायचे. बंदी असली तरी बाटली यायचीच, जिल्ह्याच्या हद्दीपलीकडून, पेपरात गुंडाळून आणि दुप्पट भावाने. काकू रोज रात्री त्यांचं ताट वाढून, वर दुसरं ताट झाकून ओट्यावर ठेवायची. आमच्या घरात दारूचा हिशेब बाटल्यांत नव्हताच, तो त्या झाकलेल्या ताटांत होता. काका ४७व्या वर्षी गेले. नंतर कितीतरी महिने काकूचा हात संध्याकाळी आपोआप दुसऱ्या ताटाकडे जायचा.

हे सगळं मी तिथे सांगितलं नाही. फक्त गाइडला बाजूला विचारलं, की एवढ्या बाटल्या, एवढी लेबलं, एवढे राजे. पण घरी वाट बघत बसलेल्या माणसाचं काय? तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ''माझी आजी पगाराच्या दिवशी कारखान्याच्या गेटवर उभी राहायची. आजोबा बाहेर पडायच्या आत पाकीट हातात घ्यायला. ती एकटी नसायची. बायकांची रांगच असायची.'' त्याने काउंटरवरचे ग्लास गोळा केले. ''ती रांग मी टूरमध्ये सांगत नाही. पण कुणी विचारलं तर सांगतो.''

म्हणजे एक रांग दुपारी एकची. आणि दुसरी ही.

आपल्याकडे गावातलं दुकान बंद करायचं की नाही यावर मतदान होतं, तेव्हा मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हं असतात. बायका आडवीवर शिक्का मारतात. पोलंडमध्ये हा वाद अजून ताजा आहे. गल्लोगल्ली मिळणाऱ्या इवल्याशा बाटल्यांना 'माउप्का' म्हणतात, म्हणजे माकडीण. ऑफिसला जाता जाता खिशात टाकायच्या! १ जानेवारी २०२१पासून ३०० मिलिलिटरपर्यंतच्या या बाटल्यांवर जादा आकार लागला. क्राकुफ शहराने २०२३मध्ये रात्रीची दुकानातली विक्री बंद केली. आणि वॉर्साने नोव्हेंबर २०२५मध्ये रात्री दहा ते सकाळी सहाची बंदी पहिल्यांदा आणली ती दोनच भागांत. एक शहराचा मध्यभाग आणि दुसरा? उत्तर प्रागा. हेच, व्होडकाचं म्युझियम असलेलं प्रागा!

मला यात विसंगती वाटली नाही. वारसा जपायचा म्हणजे त्याची आरती ओवाळायची असं थोडंच आहे? रायचं शेत, तांब्याची भांडी, लेबलावरची नक्षी हे सगळं प्रेमाने जपता येतं. आणि बाहेर पडल्यावर रात्री दहाला शटर खालीही ओढता येतं. वर्ध्यात आम्ही बाटली कायद्याने बंद केली आणि तिच्याबद्दल बोलणंही. काकाच्या आजाराला घरात शेवटपर्यंत 'पोटाचा त्रास' असंच नाव होतं. या लोकांनी निदान सगळं काचेच्या कपाटात, उजेडात ठेवलंय. कपाटात नसलेलं विचारलं तर उत्तरही देतात.

म्युझियमच्या दुकानातून मी बाटली नाही घेतली. एक रिकामा क्येलिशेक घेतला. गेल्या दिवाळीत वर्ध्याला गेले तेव्हा काकूने तो उलटसुलट करून बघितला, कशाचा आहे ते विचारलं. मी सांगितलं. खरं तेच सांगितलं, म्युझियम, गाइड, त्याची आजी, गेटवरची रांग, सगळं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ''पाकीट मिळायचं का तिला?''

जाणार असाल तर...

* कसं जाल : वॉर्सा मेट्रोची दुसरी लाइन, स्टेशन द्वोझेत्स विलेन्स्की. तिथून कोनेसेर चौक पायी दहाएक मिनिटं. पोलंडसाठी शेंगेन व्हिसा लागतो.
* कसं बघाल : टूर गाइडबरोबरच. इंग्रजी टूरची वेळ बघून आधी बुकिंग करा, शनिवार-रविवारी गर्दी असते. टेस्टिंग शेवटी असतं, त्यामुळे पोटात काहीतरी घालून जा.
* आणखी काय : प्रागातल्या जुन्या गल्ल्या दिवसाउजेडी पायी फिरा. ओखोता भागातला 'गुड महाराजा स्क्वेअर' चुकवू नका. पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या जामनगरच्या महाराजांच्या स्मरणार्थ तो आहे. आणि कोल्हापूरच्या स्मारकापाशी दोन मिनिटं थांबाच.
* लक्षात ठेवा : रस्त्यात, बागेत उघड्यावर पिण्यावर बहुतेक ठिकाणी बंदी आहे, दंड होतो. आणि ते रशियावालं वाक्य... अजिबात नको!